घमेल्याचा आवाज थांबला तेव्हा

फिलू, सगळे म्हणतायत तू शांतपणे गेलीस. तुझी वहिनी म्हणाली, तुझ्या सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, कबरस्तानातून परतताना माझ्या रिक्षात बसलेली तुझी ती लांबची मावसबहीणसुद्धा म्हणाली. मी मान हलवली. पण मी तिथं होते. तू शांतपणे गेली नाहीस. तू घाबरली होतीस. माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशीही दिसत होत्या. पलंगाभोवती उभे राहून सगळे तुला सांगत होते, घाबरू नको, देव आहे, तो सांभाळून घेईल. तू शहाण्या मुलीसारखी मान डोलवत होतीस. मी वाकले तेव्हा मात्र माझ्या कानात म्हणालीस, "रंजू, मला खूप भीती वाटते गं."

मी म्हटलं, "मलापण."

याहून बरं काही सुचलं नाही. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं माझं, आणि ऐन वेळेला एवढा एकच शब्द निघाला. तुझी पकड जराशी सैल झाली. ते बरं वाटल्यामुळे झालं की ताकद संपल्यामुळे, हे मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून ही भीती माझ्या घरात राहायला आलीय. बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपते. दुपारी बेल वाजली तरी दचकते. मुलगा पुण्याहून फोन करतो, "आई, इकडे येऊन राहा ना थोडे दिवस." मी म्हणते, बघू. त्याला कसं सांगू, की मला चोराची नाही, मरणाचीसुद्धा नाही, तर त्या वेळी धरायला मनगट नसेल याची भीती वाटते? आपण दोघींनी म्हातारपणाचं सगळं ठरवलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन आधी कुणी करायचं हेसुद्धा. मागे राहील तिनं काय करायचं, हे तेवढं बोलायचं राहून गेलं.

तू भित्री होतीस. हे आता कुणी म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते. शाळेत पाल दिसली की तू वर्गाबाहेर, आणि तुझी पाचवीची मुलं आत पाल हाकलतायत. मी शेजारच्या वर्गात कवितेचा अर्थ सांगत असायची, तेवढ्यात तुझी किंकाळी. लिफ्टला घाबरायचीस, म्हणून तुझ्या बोरिवलीच्या इमारतीत पाचव्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढायचीस. इंजेक्शनला घाबरायचीस. कुत्रा दिसला की माझ्या पदराआड. आणि अशी तू दर वर्षी ईस्टर झाला, की तुझ्या चर्चच्या पोरांबरोबर लोकांची घरं दुरुस्त करायला जायचीस, मोडक्या शिडीवर चढायचीस.

रिटायर झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मला फोन केलास. "रंजू, मिशन ट्रिपला येतेस? आठवडाभर. आरेमधल्या पाड्यावर घरं डागडुजीला काढलीयत."

"बोरिवलीहून आरेला कसली गं ट्रिप? रिक्षा करून संध्याकाळी घरी येता येईल."

"राहायचं असतं तिथं. त्याशिवाय काम होत नाही. चल ना यार, मला एकटीला त्या हॉलमध्ये झोपायची भीती वाटते."

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "बाप्तिस्मा करून परत येणार का?" तू फोनवरून ऐकलंस आणि ओरडलीस, "भावजी, हिला कोण घेईल? फादरचं पाणी संपेल!" हे हसले, आणि मी बॅग भरली.

मी देव मानत नव्हते, अजूनही मानत नाही. मालवणात आमच्या घरी देवाचं एवढं होतं की माझ्या वाट्याचं बहुतेक आईनंच करून टाकलं. यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, "तू हे त्या लोकांसाठी करतेस की वर हजेरी लागावी म्हणून?" तू म्हणायचीस, "दार नीट बसलं ना? मग तुला काय करायचंय?" त्यावर मी चिडायची.

त्या पाड्यावरचं सोमीबायचं घर सगळ्यात टोकाला होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर पत्रे, मागे थेट रान. सोमीबाय वारली जमातीची, वयानं आपल्याहून बरीच मोठी. मुलगा डहाणूकडे कामाला गेलेला. घरात ती, तिची सून सुरेखा आणि सुरेखाचं अंगावर पिणारं बाळ. सुरेखा रस्त्यापलीकडच्या उंच इमारतींत घरकामाला जायची आणि दिवस मावळताना पायवाटेनं परत यायची. दाराला खालून वाळवी लागली होती, चौकटीपासून बोटभर सुटलेलं. "या फटीतून साप येतो," सोमीबाय म्हणाली होती. साप म्हटल्यावर तुझं ठरलंच. आधी हे दार.

दुपारी पोरांनी दार बिजागऱ्यांसकट काढलं, खालची कुजलेली फळी करवतीनं कापून टाकली. मग कळलं की नवी फळी आखूड आहे आणि बिजागऱ्या गंजून गेल्यात. टेम्पो घेऊन सगळे गोरेगावला गेले. "आलोच आंटी," म्हणाले. आपण दोघी मागे थांबलो, भिंतीला मातीचा लेप लावत. शेजारच्या पाड्यावर लग्न होतं. पाड्यातलं झाडून सगळं माणूस हळदीला गेलेलं. तिथला बॅंजो आपल्यापर्यंत ऐकू येत होता. पोरं कुठंतरी ट्रॅफिकमध्ये अडकली असणार, त्यांना फोन लागेना. तिथं रेंज नसतेच. ऊन उतरलं, झाडांखाली काळोख साचायला लागला आणि घराला दार नव्हतं.

तेव्हा तो आवाज आला. खर्र, खर्र, करवत लाकडावर चालावी तसा.

मी म्हटलं, "आली बाई एकदाची पोरं. करवत सुरूपण केली."

तू खाली बघत होतीस. करवत तुझ्या पायाशी पडली होती.

सोमीबाय बाळाला घेऊन आतून आली, एकदाच कान देऊन ऐकलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वाघ हाय. आत या."

ती बिबट्याला वाघच म्हणायची. आपण आत गेलो कशा, ते दार उचललं कसं, मला आठवत नाही. चौकटीला आतून दार लावून आपण दोघी पाठ टेकवून उभ्या राहिलो. खालची फळी कापलेली, त्यामुळे पायाशी वीतभर फट. मी पाय आखडून घेतले होते. कोपऱ्यात शेळी बांधलेली, ती ओरडत होती. माझी पाठ घामानं दाराला चिकटली होती. मी तुला म्हटलं, "फिलू, तुझं काहीतरी म्हण ना. प्रार्थना म्हण." तू म्हणालीस, "आठवत नाहीये गं. एक शब्द आठवत नाहीये." आणि मग तुझे डोळे एकदम मोठे झाले.

"सुरेखा यायची वेळ झाली."

सोमीबाय बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला. पायवाट रानातूनच होती. आवाजही त्याच बाजूनं आला होता.

"आपण ओरडू या," मी म्हटलं. ओरडलोसुद्धा. आपल्या आवाजावर तो बॅंजो. बाळ रडायला लागलं. तू दाराला टेकलेली पाठ काढलीस, मातीचं घमेलं उपडं केलंस आणि थापी उचललीस. मला आधी कळलंच नाही तू काय करतेयस.

"रंजू, मी बाहेर पडले की दार लावून घे. घट्ट धर."

"वेडी झालीस का? झुरळाला घाबरतेस तू!"

"म्हणून तर आत्ताच जाते. अजून जरा थांबले तर जाणार नाही."

"मग मीपण येते."

"दार कोण धरणार? म्हातारी?"

दार मी बाजूला केलं. तू गेलीस. मी पुन्हा दार ओढून घेतलं आणि पाठ लावली. बाहेर घमेल्यावर थापी वाजायला लागली, ठण ठण ठण, मधून तुझा चिरका आवाज, "सुरेखाऽऽ". तो आवाज लांब लांब जात राहिला. मी त्याच्यावर जीव टांगून उभी होते. सोमीबाय जमिनीवर बसली होती, आणि पाड्याबाहेर शेंदूर लावलेला त्यांचा जो वाघोबा आहे, त्याच्याशी घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होती. "देवा, तुझ्या वाटंनं जा. माझी सून येतेय. ती बाई पाहुनी हाय."

आणि घमेल्याचा आवाज थांबला.

फिलू, आयुष्यात मी बाळंतपण सोसलं, ह्यांचं जाणं सोसलं, आता तुझं. पण त्या शांततेसारखं काही नाही. शेळीसुद्धा गप्प झाली. बाळ गप्प झालं. कान एवढे ताणले गेले की माझंच रक्त मला ऐकू येत होतं. दाराबाहेर सुकी पानं वाजली. हळू, एकेक. मग नाही वाजली. मला वाटलं, त्या फटीतून आता काहीतरी आत येईल.  मला तुझ्या भावाचा चेहरा दिसायला लागला, त्याला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, मी वाक्य जुळवत होते. तू अजून तिथं बाहेर होतीस आणि मी तुझ्या मरणाची बातमी मनात तयार करत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पुन्हा ठण ठण सुरू झालं. पहिल्याहून जोरात, जवळ येत. सुरेखा ओरडत होती, "आये, दार उघड!" मी दार ओढलं, तुम्ही दोघी आत पडलात. तू थेट जमिनीवरच बसलीस. चेहरा मातीच्या रंगाचा. घमेलं सुरेखाच्या हातात होतं. ते मला दिसलं, पण त्याचा काही अर्थ लावायचं तेव्हा भान नव्हतं. तिनं घमेलं टाकलं आणि बाळाला छातीशी घेतलं. थोड्याच वेळात टेम्पोचे दिवे दिसले. पोरांनी बॅटरीच्या उजेडात दार बसवलं.

त्यानंतर तुझं काय झालं ते तुला माहीत आहे. चर्चमध्ये गोष्ट पसरली. आधी तू घमेलं वाजवत गेलीस, मग बिबट्या तुझ्यासमोर आला, मग तू त्याच्याकडे रोखून पाहिलंस आणि तो शेपूट घालून पळाला. पोरं तुला वाघीण आंटी म्हणायला लागली. तू लाजून म्हणायचीस, "अरे काही नाही रे, सोडा." सगळ्यांना तो तुझा नम्रपणा वाटायचा.

मी मात्र तुला विचारत राहिले. आवाज का थांबला? एकदा म्हणालीस, हात दुखला. एकदा म्हणालीस, प्रार्थना आठवली, ती म्हणत होते. मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या देवानं वाचवलं. आणि सोमीबाय वाघोबाला सांगत होती त्याचं काय?" तू म्हणालीस, "दोघांनी मिळून केलं असेल. तुला काय त्रास?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरंच चिडलीस. "किती वेळा तेच तेच उकरतेस गं!" आणि पुढे कितीतरी दिवस फोन उचलला नाहीस. मग मी विचारायची थांबले. मनात मात्र ते तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी हे गेले. घर रिकामं झालं, आणि मी पहिल्यांदा एकटी झोपायला घाबरले. तू पिशवी घेऊन आलीस आणि महिनाभर राहिलीस. दिवा चालू ठेवून आपण झोपायचो. एकदा मी तुला म्हटलं होतं, "तू शेजारी असलीस की मला कशाची भीती वाटत नाही. तू बिबट्यासमोर गेलेली बाई." तू छताकडे बघत होतीस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मग म्हणालीस, "झोप आता." त्या महिन्याबद्दल मी तुला कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आपल्यात ते म्हणायची पद्धत नव्हती. आज म्हणते. तुला आवडणार नाही, तरी ऐकून घे.

काल मी पाड्यावर गेले होते. कुणीतरी सोमीबायला सांगायला हवं होतं. चर्चची पोरं म्हणाली, "आंटी, रविवारी गाडीनं जाऊ," पण मला रविवारपर्यंत थांबवेना. रिक्षावाल्यानं रस्त्यावर सोडलं आणि पुढे ती पायवाट. भर सकाळ होती, ऊन होतं, समोरून शाळेची पोरं येत होती. तरी पान वाजलं की मी थांबत होते. तुला मनातल्या मनात शिव्या देत चालले, की या वाटेवर मला एकटीला आणलंस.

दार अजून तसंच आहे. नीट लागतं. सोमीबायला आता नीटसं ऐकू येत नाही, तिला सुरेखानं कानाशी ओरडून सांगितलं. म्हातारी उठून आत गेली, पेलाभर पाणी आणलं आणि दाराबाहेर मातीवर ओतलं. मग तिथंच बसून राहिली. सुरेखानं चहा टाकला. तेव्हाचं ते बाळ आता शाळेत जातं.

चहा पिताना मी सहज म्हटलं, "तुझ्यासाठी बाहेर पडली होती बघ त्या दिवशी. तुझा जीव वाचवला तिनं."

सुरेखा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाईंनी तुम्हाला नाही सांगितलं? अजूनपन नाही?"

"काय?"

"बाई वाटेवर बसल्या होत्या. मधोमध. मी वळणावर आले तर ह्या खाली बसलेल्या, घमेलं मांडीवर, थापी हातात अशी गच्च. वाघ तिथंच होता, करवंदीच्या जाळीपाशी. मला दिसला. त्यांना तर कधीचा दिसत असनार. मी हाक मारली तर मान पन हलवेनात. मग मी घमेलं ओढून घेतलं, वाजवत ऱ्हायले, आनि दुसऱ्या हातानं त्यांना उठवलं. वाघ गेला. घरापर्यंत मीच हात धरून आनलं त्यांना."

 सुरेखाच्या ओठांवर हसू आलं, आणि डोळे भरले होते. "उठताना मला काय म्हनाल्या माहितीये? 'सुरेखा, मी तुला न्यायला आले होते गं.' खाली बसल्या बसल्या! आनि मग दाराशी आल्यावर म्हनाल्या, रंजूबाईला सांगू नको."

फिलू, मी तिथं सोमीबायच्या ओटीवर बसून हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही, सुरेखानं पेला हातातून काढून घेतला. मग मला राग आला. एवढी वर्षं? मला? मी काय तुझी टिंगल केली असती? हो, केली असती. पहिला आठवडाभर नक्की केली असती. पण मग ह्यांच्या नंतरच्या त्या रात्री आपण दोघी सारख्याच भित्र्या म्हणून शेजारी झोपलो असतो. तू मात्र माझ्यासाठी धीट बनून पडून राहिलीस, छताकडे बघत. आता वाटतं, हॉस्पिटलात माझ्या कानात बोललीस तेव्हा एवढ्या वर्षांचं ते ओझं तू खाली ठेवलंस. मी फक्त "मलापण" म्हटलं. मला तेव्हा कळायला हवं होतं की तू मला केवढी मोठी गोष्ट सांगत होतीस.

सुरेखा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. त्या वळणावर मी थांबले. तिनं जागा दाखवली. काही नाही तिथं, नुसती वाट आणि करवंदीची जाळी. मी तिला विचारलं, "हे चर्चमध्ये सांगितलं तर चालेल? लोक तिला वाघीण म्हणतात."

"सांगा की. त्यात काय? मीपन घाबरले होते. पोर घरात होतं म्हनून चालत ऱ्हायले. बाईंचं तर तिथं कोनीच नव्हतं, तरी आल्या."

संध्याकाळी तुझ्या चर्चच्या पोरांचा फोन आला. तुला जाऊन महिना होईल तेव्हाच्या मिस्साला, चर्चमधल्या त्या प्रार्थनेला, कुणीतरी तुझ्याबद्दल बोलायचंय, आणि त्यांच्या मते ते मीच बोलावं. "आंटी, ती बिबट्याची गोष्ट सांगा." मी हो म्हटलं. खरी सांगणार आहे. मी तुमच्या त्या माइकसमोर कधी उभी राहिलेली नाही, तिथं कधी उठायचं, कधी बसायचं हेसुद्धा मला अजून कळत नाही, आणि या वेळी शेजारून कोपर मारून सांगायला तू नसशील.  तरी जाईन. बोलता बोलता पायांनी साथ सोडलीच, तर सगळ्यांसमोर तिथंच खाली बसेन, आणि राहिलेलं बसून सांगेन.